शर्कच्या लिफ्टमधलं तिसरं वजन

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा टाकायला उठते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. टेस्टमध्ये जे दिसतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. इथे आखातात, आमच्या शहरातल्या शर्क भागात मासळी बाजाराच्या मागे एक जुनी इमारत आहे, तिथे चौथ्या मजल्यावर प्रिंटिंगचं दुकान. माझ्या दहा वर्षांच्या ईराचा शाळेचा प्रोजेक्ट छापून आम्ही भरदुपारी खाली निघालो. लिफ्ट छोटी, तीन माणसांची. आत आम्ही दोघीच. दोन मजल्यांच्या मध्येच ती थांबली. दिवा गेला, पंखा गेला.

ईराला दमा आहे. पंप गाडीतल्या बॅगेत होता.

मी दार बडवत ओरडले, "अहो, कुणी आहे का?" मराठीतच — घाबरल्यावर कुठलं हिंदी नि कुठलं इंग्लिश! इंटरकॉमवरून आवाज आला, "ताई, मराठी काय? घाबरू नका. मी लिफ्टवाला, महादेव. वर मोटरपाशीच आहे."

अंधारात ईराची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. मी म्हटलं, "पिल्ला, तुझा प्रोजेक्ट सांग मला. सावकाश."

"फोंतेनब्लो... इट्स अ फॉरेस्ट... निअर पॅरिस," ती धापा टाकत म्हणाली. "किंग्ज वेंट हंटिंग देअर." मग ओकची झाडं, घराएवढाले दगड. "अंडर इट इट्स ऑल सँड, आई. लाइक हिअर. देअर वॉज अ सी." पाणी वाळूत मुरतं म्हणून तिथे नदीच नाही. रानडुकरं, सुतारपक्षी, हरणं...

हरणांपाशी ती थांबली. लिफ्टमध्ये कुजक्या, ओल्या पानांचा वास आला. आणि आमच्या दोघींच्या मध्ये कुणीतरी श्वास घेत होतं. संथ, मोठा, नाकातून. मी ईराला धरायला हात नेला तर राठ, ओले केस लागले. आत ऊब. मी झटकन हात मागे घेतला.

"ताई," महादेव म्हणाला, "मोटरला करंट आला, आतल्या दिव्याला अजून नाही. पण ओव्हरलोड दाखवतंय. किती जणं आहात आत?"

"दोघी! मी आणि माझी मुलगी!"

"नाही हो... वजन जास्त आहे. असं असेल तर लिफ्ट हलायची नाही."

"हाड!" मी किंचाळले. "जा इथून!"

"डोन्ट, आई." ईराचा आवाज त्या जनावराच्या कुशीकडून येत होता. "आय अ‍ॅम ब्रीदिंग लाइक हर."

खरंच, शिट्टी कमी होत होती. ते जनावर गेलं तर आम्ही सुटणार, आणि गेलं तर पोरीचा श्वास पुन्हा अडकणार... आईने करायचं काय, सांगा! मी भिंतीला चिकटून ऐकत राहिले. होता होता दोन श्वासांचा एक झाला.

मग ईरा म्हणाली, "ओके. यू कॅन गो."

लिफ्टने वर एक हिसका दिला आणि ती खाली निघाली.

महादेवने दार उघडलं. "सेन्सर बिघडला असेल," म्हणाला, पण आत पाय काही ठेवेना.

ईराला पंप दिला, डॉक्टरांना दाखवलं. ती ठीक आहे. काय होतं ते, हे शोधणं मी सोडलंय. पण आजही तिला दम लागला की मी जवळ ओढते, आणि ती पंप घेऊन, डोळे मिटून दुसऱ्या बाजूला टेकते. तिथे कुणी नसतं. तरी ती पडत नाही.