अख्खे गोटे

उत्रोलीच्या अलीकडं आमचं गाव. जत्रेआधी देवळाला चुना द्यायचा मान आमच्या घराचा. पाकिटातली पावडर चालत नाही. कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजलेले चुनखडीचे गोटे, आणायचा, आपल्याच दारात भिजवायचा आणि जत्रेच्या आदल्या दिवशी देऊळ पांढरंशुभ्र करायचं. एखाद्या वर्षी चुकलं की मान दुसऱ्या घरी जातो, आणि माझे चुलत सासरे त्यावर टपूनच बसलेले.

एरवी सासरे आठवडाभर आधी चुना भिजवतात. यंदा मेला चुनाच मिळेना. भोरला नाही, कापूरहोळला नाही. शेवटी कुठूनसं एक पोतं आलं, ते ऐन चुना द्यायच्या आदल्या संध्याकाळी. गोटे नारळाएवढे, आणि कडक भाजलेले. सासऱ्यांनी त्यातले निम्मे अख्खेच्या अख्खे पिंपात सोडले. सकाळी बघतो तर वर ताकासारखं पातळ पाणी आणि तळाशी गोटे जसेच्या तसे.

चुलत सासरे हजरच. त्यांनी पिंपात काठी घालून खडखड वाजवली. "दादा, ऱ्हाऊ द्या आता. दुपारपत्तुर न्हाई झालं, तर मान आमी घेतो."

सासऱ्यांचा पडलेला चेहरा बघून माझं डोकंच फिरलं.

"मामा, उरलेले गोटे फोडू या," मी सासऱ्यांना म्हणाले. बीएस्सी केमिस्ट्री केलीय, ती काय भाकऱ्या थापायला? अख्ख्या गोट्याच्या वरच्या अंगालाच पाणी लागतं, आतलं कोरडंच राहतं. बारीक केला की पाणी कणाकणाला चारी बाजूंनी भिडतं आणि काम झटक्यात होतं.

सासरे दचकले. "फोडायचं? देवाच्या कामाला फुटकं चालत न्हाई, पोरी. अक्षता कधी तुटक्या वाहतो का आपण?"

"मग निवदाच्या पोळीला गहू अख्खेच लाटायचे का?"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सासरे म्हणाले, "फोड."

नवऱ्याचा गाडीवरचा गॉगल डोळ्यांवर, ओढणी नाकातोंडाला, हातात रबरी मोजे. गोटे गोणपाटात गुंडाळून घणानं ठेचले, पार हरभऱ्याएवढे केले. दुसरं पिंप पाण्यानं भरलं आणि त्यात थोडं थोडं सोडत गेले. आधी नुसती सुरसुर, आणि बघता बघता पिंप रटारटा उकळायला लागलं. वाफेचा हा लोट!

"मागं व्हा सगळे!" मी ओरडले. सगळ्यांत आधी मागं झाले ते चुलत सासरे. अहाहा, काय बरं वाटलं म्हणून सांगू!

चुना निवला, फडक्यातून गाळला, त्यात नीळ आणि डिंक घातला. साईसारखा दाट झाला होता. दुपारच्या आत आम्ही देवळापुढं हजर. पहिला हात मानकऱ्याचा असतो, म्हणून सासऱ्यांच्या हाती केकताडाच्या धाग्यांचा कुंचा दिला.

त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

"बाईमाणूस?" चुलत सासरे म्हणाले.

"व्हय. मान हितंच ऱ्हाईल," सासरे म्हणाले, "आन् माझ्या मागं हिचा."

सासऱ्यांना दोन मुलगे आहेत. दोघंही तिथंच उभे होते. मी कुंचा बुडवला आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा ओढला.