चार तासांवरची अमेरिका

बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहूनही भिडे सरांनी कधी लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं नाही. "लिफ्ट म्हाताऱ्यांसाठी असते," हे पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी मला सुनावलं, तेही तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवल्यामुळे पृथ्वी आपल्याला विचारूनच गोल झाली, असा त्यांचा चेहरा असे.

त्यांची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला. तिचं पहिलं बाळंतपण, त्यामुळे तिने आईबाबांना बोलावलं होतं. पण मालतीकाकू हटून बसल्या. "मी नाही विमानात बसायची. मला भीती वाटते." तिकडे मुलीचे दिवस भरत आलेले.

एका संध्याकाळी सरांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. काकूंसमोर टेबलावर पृथ्वीचा गोल होता. मोठा माळ्यावर टाकून मुद्दाम लहान काढलेला. सरांनी मुंबईवर शिवणाचा दोरा धरला आणि उत्तर ध्रुवाजवळून पलीकडे ताणला.

"हे बघ, वीतभर! मुंबईहून रात्री दोनला निघायचं, सकाळी सहाला तिथे. चार तास. स्वारगेटहून कोल्हापूरला याहून जास्त लागतात."

भूगोलाच्या मास्तरांनी हे बोलावं? मला राहवेना. "अहो सर, तिथलं घड्याळ साडेबारा तास मागे आहे. प्रवास साडेसोळा तासांचा होतो!"

"आपण वैमानिक आहात का?"

"नाही."

"मग चहा घ्या."

काकू मुलीने पाठवलेलं तिकीट निरखत होत्या. "अहो, पण येताना तर तारीखच बदलते की!"

सरांनी गोल उलटा फिरवला. मग म्हणाले, "येताना चढ आहे. खंबाटकी घाटासारखा."

काकूंनी मान डोलावली. "चारच तास म्हणता? मग येते. पण माझा हात सोडायचा नाही."

सहा महिन्यांनी दोघं नातीचे फोटो घेऊन परतले. सर जिन्याने वर येत होते, तेवढ्यात काकूंना एकटं गाठून मी विचारलं, "चार तास कसे गेले?"

काकू हसत सुटल्या. "अरे, ह्यांचे परीक्षेचे पेपर वर्षानुवर्षं मीच तपासले. घड्याळांच्या फरकाचं गणित दर वर्षी असायचं."

"मग भीती?"

"ती ह्यांना! लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत, बघतोस ना? घाबरतो म्हणून कबूल केलं नसतं, काहीतरी निमित्त काढून घरीच बसले असते. दुसऱ्याला धीर द्यायचा म्हटलं, की मात्र छाती पुढे. माझी बोटं अजून दुखतायत."

गेल्या वर्षी सर गेले. मला त्यांची फार आठवण येते, लिफ्टमध्ये तर हमखास.

परवा काकू एकट्याच मुलीकडे निघाल्या. त्यांची बॅग गाडीत ठेवताना मला कसंतरीच झालं. म्हटलं, "काकू, इतके तास एकट्याने..."

"इतके कुठले?" काकूंनी खिडकीची काच खाली केली. "चारच तर आहेत. येताना तेवढा चढ लागतो."