तपासनिसाला पिलू कोण देणार

ओटमार रीबल आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एकतीस वर्षं झाली, एकाच जिन्यावरून चढउतार, तरी अजून आमचं अहो-जाहोच चालतं. जर्मनीतल्या आल्बच्या डोंगरातली माणसं आम्ही. इथे कुणी शिव्या घातल्या नाहीत म्हणजे कौतुकच झालं असं समजायचं. त्या हिशेबाने रीबलनी उभ्या आयुष्यात माझं दोनदा कौतुक केलं असेल.

रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस, पण त्याचं खरं काम दुसरंच. आमच्या भागातल्या शेफर्ड कुत्र्यांच्या क्लबचे ते तपासनीस. कुणा ब्रीडरची कुत्री व्याली की चार दिवसांत रीबल दारात हजर. पिलं मोजायची, आईचे दात बघायचे, पाण्याचं भांडं हुंगायचं, सातव्या आठवड्यात पुन्हा जायचं आणि जे दिसेल ते हिरव्या वहीत उतरवायचं. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. ब्रीडर लोक त्यांना चळाचळा कापायचे, आणि कुत्रं घ्यायला निघालेला जो तो मात्र आधी रीबलना विचारायचा.

एकदा आमचा औषधवाला मोबाइलवर पिलाचा फोटो घेऊन आला. "बघा हो, किती गोड आहे! विकणारा म्हणतो, हायवेच्या पेट्रोल पंपावर आणून देतो. घरी यायची गरजच नाही."

"पेट्रोल पंपावर पेट्रोल घ्यावं," रीबल म्हणाले. "याची आई कुठेय?"

"आई मला नकोय, पिलू हवंय."

"मग चिनीमातीचं घ्या, कपाटावर छान दिसतं. अहो, आई दाखवत नाही त्याच्याकडे आई नसते, किंवा दाखवण्यासारखी नसते. या जातीत खुबे बिघडतात, आईच्या खुब्याचा एक्स-रे मागा. आणि तो उलट तुम्हाला काही विचारतो का बघा. ज्याला तुमच्याबद्दल काहीच विचारायचं नाही, त्याला फक्त पिलू खपवायचंय."

औषधवाला तोंड पाडून गेला, पण त्या पंपावर काही गेला नाही.

तर अशा माणसाची बिर्का नावाची कुत्री दोन हिवाळ्यांपूर्वी म्हातारी होऊन गेली. मी मनात म्हटलं, सुटले बाई! दर शनिवारी जिना झाडायचा आणि रविवारी पुन्हा केस वेचायचे, ही तिची मला देणगी. पण रीबल बसले ते बसलेच. सकाळचं फिरणं बंद, क्लबाच्या मैदानावर जाणं बंद. जिना उतरताना स्वतःशीच बोलायचे. कधी कधी "चल, चल," असंही म्हणायचे, आणि मग गप्प व्हायचे. मला ते ऐकवत नसे.

"दुसरं आणा ना," मी शेवटी म्हटलं.

"शोधतोय."

दोन वर्षं शोधत होते! पंचक्रोशीतला एक ब्रीडर धड नाही. एकाच्या कुत्र्यांची पाठ घसरगुंडीसारखी उतरती, दुसऱ्याच्या घरी वर्षाला पाच वेतं, तिसऱ्याच्या अंगणात हिरवं पाणी. चौथ्यात काहीच खोट सापडली नाही, म्हणून त्याचाच संशय.

"अहो, तुम्हाला कुत्रं हवंय की सून?" मी चिडून म्हटलं. "आणा ती वही इकडे. मी बघते."

वहीत प्रत्येक ब्रीडरचं एक पान. बहुतेक पानांवर दोन-तीन ओळी. एक पान मात्र वरपासून खालपर्यंत गच्च भरलेलं: वालबुर्ग श्टॉल. वाकड्या शेपटीचं पिलू. एक दात कमी. एका नराच्या खुब्यात दोष, सहा वर्षांनी. एक पिलू भित्रं.

"ही तर सगळ्यांत वाईट," रीबल म्हणाले. "पंधरा वर्षांत एवढ्या खोटी कुणाच्याच नाहीत. तिच्याकडे जायचा प्रश्नच येत नाही."

"हिचा सहा वर्षांनंतरचा खुबा तुम्हाला कसा कळला?"

"तिनंच फोन केला. विकलेल्या प्रत्येक कुत्र्याची ती खबर ठेवते."

"आणि ही शेपटी?"

"तिचाच फोन. 'लवकर या, लिहून घ्या, घेणाऱ्याला अंधारात ठेवणार नाही' म्हणाली."

"दात?"

"...फोन."

"आणि या बाकीच्या पानांवरचं कुणी कळवलं?"

"कोण कळवणार? ते मी पकडलं."

मी वही मिटून त्यांच्या पुढ्यात ठेवली. रीबलनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. पंधरा वर्षं जिच्या खरेपणाला हा शहाणा माणूस खोट म्हणून लिहीत आला होता, ती बाई वीस किलोमीटरवर राहत होती!

"गाढव आहे मी," ते म्हणाले.

"एवढं कळलं ना? मग फोन करा."

त्यांचा गुडघा दुखतो म्हणून गाडी मीच चालवली. सप्टेंबरचा रविवार होता. रीबलनी लग्नाला जावं तसा कोट घातला होता आणि रस्ताभर घाम पुसत होते. श्टॉलबाई साठीच्या, रबरी बुटांतल्या, हात कोपरापर्यंत ओले. त्यांनी आम्हाला सरळ धुण्याच्या खोलीत नेलं. तिथे आई पडली होती, शांत आणि ऐटदार, आणि तिच्या अंगावर पाच आठवड्यांची सहा पिलं लोळत होती. रीबलना पाहून आई उठली, त्यांचा हात हुंगला आणि पुन्हा जाऊन पडली. रीबलनी पाण्याच्या भांड्याकडे बघितलंच! मी कोपराने ढोसलं.

मग स्वयंपाकघरात कॉफी आली, आलुबुखारचा केक आला, आणि श्टॉलबाईंनी कागद काढला.

"आता मी विचारते. दिवसातून किती तास कुत्रं एकटं राहील?"

"एकही नाही."

"पायऱ्या किती?"

"सहा. पहिले काही महिने मी पिलाला उचलून नेईन."

"तुमच्या गुडघ्याने?"

रीबल शाळेतल्या पोरासारखे लाल झाले. मला हसू आवरेना. आयुष्यभर लोकांची पिलं तपासली, आता कुणीतरी ह्यांचे दात मोजत होतं! तरी एकेक करत सगळे प्रश्न पार पडले. शेवटचा राहिला.

"वय?"

"त्र्याहत्तर."

श्टॉलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मागच्या वर्षी माझ्या एका कुत्र्याचा मालक वारला. कुत्रा पाच महिने बेवारस कुत्र्यांच्या आश्रमात पडून होता, मला कुणी कळवलंसुद्धा नाही. कळल्यावर मी जाऊन घेऊन आले. नुसती हाडं राहिली होती. तेव्हापासून दुसरी सही लागते. तुमचं काही झालं तर कुत्र्याला कोण घेणार?"

"मुलगा कॅनडात असतो," रीबल म्हणाले. "त्याला कुत्र्याच्या केसांनी दमा होतो." मग टोपी उचलून उभे राहिले. "बरोबर आहे तुमचं, बाई. मी तपासायला आलो असतो तर मीही हेच म्हटलं असतं. नाही द्यायचं."

आणि कुठलीही कुरबूर न करता दाराकडे चालू लागले. मला राग आला, कुणाचा ते माहीत नाही.

"द्या इकडे तो कागद!" मी म्हटलं.

श्टॉलबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"वरच्या मजल्यावरची. गेरलिंड."

"कुत्री आवडतात तुम्हाला?"

"नाही."

"पाळलंय कधी?"

"छे! केस झाडलेत, अकरा वर्षं."

"मग सही कशाला करता?"

"खरं सांगू? हा माणूस दोन वर्षं जिन्यात एकटाच बोलतो, ते मला बघवत नाही. आणि उद्या ह्यांचं काही झालं, तर ह्यांचं कुत्रं कुठल्या आश्रमात हाडं मोजत पडलेलंही मला बघवणार नाही. आवडायचं काय, आवडेल हळूहळू. तुम्हीच शिकवा."

दारातून रीबल म्हणाले, "बाई, तुम्हाला काय बोलताय ते कळतंय का?"

"तुम्ही गप्प बसा. सगळी अक्कल तुम्हालाच दिलीय का देवाने?"

मी सही केली. श्टॉलबाई उठून गेल्या आणि एक पिलू घेऊन आल्या. कुठलं द्यायचं ते त्यांनीच ठरवलं होतं, आम्हाला विचारलंही नाही. मला वाटलं रीबलच्या हातात देतील. पण त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"ह्यांची ओळख व्हायला वेळ लागणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमची आजच व्हायला हवी. न्यायला तीन आठवड्यांनी या."

पिलू माझ्या रविवारच्या ठेवणीतल्या स्कर्टवर दोनदा गोल फिरलं, बाहीत नाक खुपसलं आणि झोपून गेलं. केवढं गरम असतं ते! रीबल गुडघा धरत धरत माझ्याशेजारी येऊन बसले. डोळे भरलेले. एक बोट त्याच्या पंजावरून फिरवलं आणि कसंबसं म्हणाले, "नखं जरा वाढलीत हं."

श्टॉलबाई खो खो हसल्या आणि कात्री शोधू लागल्या. मी मात्र दोघांनाही थांबवलं. आता कुणीही हात लावायचा नाही, म्हटलं, झोपलंय ते.