कप्तानाला माती

आमच्या घराण्यात छापील पुस्तक वाचणारा पहिला माणूस मी, आणि बी.ए. झालेलाही पहिला. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी मिरवतोय. मिरवतोच. बाप घाण्याच्या बैलामागं फिरून म्हातारा झाला, त्याच्या पोरानं मिरवायचं नाही तर कुणी? पण भाषावार प्रांत होऊन हैदराबाद राज्य मोडायच्या आदल्या साली, नोकरीची वाट बघत गावी बसलो होतो, तेव्हा गावानं माझी पदवी एकाच कामाला जुंपली. बाजाराच्या दिवशी दुपारी दर्जीमामूच्या दुकानात बसून गोष्ट वाचायची.

गोष्ट पुण्याच्या एका मासिकात महिन्याला एक तुकडा अशी यायची. कल्याणीला मास्तरकी करणारा माझा मित्र आपला अंक वाचून झाला की मोटारीच्या क्लीनरच्या हाती धाडायचा. एक गलबत पृथ्वी सोडून आभाळात निघालंय, त्यात एक कप्तान, एक डॉक्टर आणि चावीवर चालणारा एक लोखंडी माणूस. लेखकानं कुणालाच नाव दिलं नव्हतं. मी मराठीत वाचायचो, अडलं तिथं कन्नडात फोडून सांगायचो, आणि मामूसाठी अधूनमधून उर्दूत. आमच्याकडं तीन भाषा म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. बैलालासुद्धा दोन कळतात.

ऐकायला वीसेक माणसं दाटायची, पण बोलणारे मोजके. एक किराण्याचे शेटजी, आमच्यासारखेच लिंगायत. एक म्हातारे मराठा शेतकरी, त्यांना सगळे दादा म्हणत. आणि माझा थोरला चुलत भाऊ, ज्याला सारं गाव अण्णा म्हणायचं. अण्णाला अक्षर येत नव्हतं, पण कप्तानावर त्याचा जीव होता. कप्तानानं हुकूम सोडला की अण्णाच मांडीवर थाप मारायचा.

या दुकानाबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण तेव्हा ती कुणीच बोलत नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या आधी खाकी कपड्यातले स्वार आमच्या भागात फिरायचे. त्यांनी माझ्या चुलत्याला, म्हणजे अण्णाच्या बापाला, वेशीत भाल्यानं भोसकून मारलं. त्या स्वारांचे खाकी सदरे मामूनं शिवले होते. नाही शिवले असते तर मामूच भोसकला गेला असता, पण हे कोण ऐकतो? मामूचा धाकटा भाऊ ते सदरे पोचवायला जायचा, एवढाच त्याचा गुन्हा. ॲक्शन झाली, स्वार पळाले, आणि अण्णानं दोघा-चौघांना घेऊन त्या पोराला घरातून ओढलं, चिंचेखालच्या विहिरीशी नेलं आणि मागून ढकललं. वर दगड टाकले. विहिरीवर बाभळीच्या फांद्या ओढल्या. मामू गाव सोडून गेला नाही. भावाला माती मिळाल्याशिवाय तो जाणार नव्हता, आणि मागायची सोय नव्हती. सात वर्षं तो गावाचे कपडे शिवत राहिला. अण्णाचेही.

उन्हाळ्यातल्या एका बाजारी मी तो अंक वाचला. गलबताचं दार बाहेरून दुरुस्त करायला कप्तान उंबऱ्यावर उभा राहतो. पहिल्या अंकापासून ज्याला आपण साधा समजलो तो डॉक्टर मागून येतो आणि त्याला ढकलून देतो. कप्तान खाली पडत नाही, कारण तिथं खाली असं काही नसतं. त्याचं प्रेत गलबताच्या मागं मागं तरंगत राहतं. शेवटचं वाक्य तेवढंच.

सगळे एकदम बोलायला लागले.

"मी म्हणत नव्हतो?" शेटजी ओरडले. "पहिल्यापासून सांगायलोय, डॉक्टर बरा माणूस न्हाई. कुणासंगं जेवत न्हाई त्यो."

"तिथं कोण जेवायलाय, शेटजी? सगळे गोळ्याच खायलेत की," मी म्हणालो.

"गोळ्या असू दे. कोपऱ्यात जाऊन कामून खायलाय?"

दादांनी काठी आपटली. "कप्तान मेलाच न्हाई. तिथं हाडं गोठवणारी थंडी हाय म्हणून ह्याच बीएनं वाचलंय. थंडीत काय नासत न्हाई. फुडल्या अंकात ऊब दिली की उठून बसतोय का न्हाई बघा."

"मढ्याला ऊब द्यायलाव? तुमच्या म्हशीचं रेडकू हाय व्हय ते?" शेटजींनी विचारलं.

लोक हसले. दादांना ते लागलं. "बरं, मेला म्हणा. मग जाळा म्हणावं लवकर. असं लोंबकळत ठिवत्यात का माणसाला?"

"जाळणार कशानं? वारंच न्हाई तिथं. काडी पेटत न्हाई," मी सांगितलं.

"आन जाळायचं कशाला?" शेटजी म्हणाले. "विभूती लावून, बसवून माती द्यायची."

"कप्तान तुमच्यातला कधी झाला?" दादा उसळले.

"मग तुमच्यातला व्हय? मटण खात न्हाई, दारू पीत न्हाई..."

"आत्ता ह्यो बीए म्हणला की, सगळे गोळ्याच खायलेत!"

तेव्हा ध्यानात आलं, लेखकानं नाव न दिल्यामुळं इतके महिने प्रत्येकानं कप्तानाला आपापल्या घरात नेऊन बसवलं होतं. मशीनवरचा मामूसुद्धा म्हणाला, "मेरेकू तो अपनाच लगा था. कप्तान बोले तो फौज का आदमी." त्यावर एकदम गलका झाला. शेटजींनी दादांचा पटका ओढला, ओढायचा होता की हात लागला ते देव जाणे. डोकं उघडं पडलेल्या म्हाताऱ्यानं काठीचं टोक सरळ शेटजींच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, रक्त धोतरावर आलं. सोडवायला गेलेल्यांनी आपापसात हात धुऊन घेतले. एका कथेतल्या मढ्यापायी मोठाली माणसं कुत्र्यासारखी भांडत होती, आणि खरं सांगतो, मलाही मारायला हात शिवशिवत होते.

मामूनं मशीन थांबवलं. "जाळा न्हाई तर पुरा," तो मोठ्यानं म्हणाला, "पण आधी आत तर घ्या त्याला. तो मागं मागं यायलाय. आत घेतल्याबिगर काय करताव?"

अण्णा भांडणात पडला नव्हता. तो उठला. "आधी त्या डॉक्टरची आतडी काढाय पायजेत. मागून ढकलतोय, भडवा."

"मागूनच ढकलतात, अण्णा," मामू म्हणाला.

अण्णानं पाटावरची इस्त्री उचलली. आमच्याकडच्या त्या लोखंडी इस्त्र्या, पोटात निखारे भरलेल्या. त्यानं ती मामूच्या डोक्यावर घातली. मामू वळला म्हणून कवटी वाचली, भुवई हाडापर्यंत उघडली. झाकण निघालं, निखारे बेतून ठेवलेल्या कापडांवर उडाले आणि लग्नसराईचे सदरे पेटले. मामूनं कात्री घेतली आणि अण्णाच्या दंडात मुठीपर्यंत खुपसली. मी इस्त्री धरायला गेलो तर माझ्या तळहाताची कातडी तिलाच चिकटून राहिली. तो डाग अजून आहे. कुणीतरी माठ उपडा केला. धुरात, जळक्या सुताच्या वासात दोघं धापा टाकत समोरासमोर उभे.

एका डोळ्यात रक्त उतरलेला मामू सगळ्यांदेखत म्हणाला, "फुडल्या अंकात कप्तानाला आत घेतलं तर मी पंचांना विहीर उघडायला सांगणार."

विहीर हा शब्द गावात इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी उच्चारला.

"आन न्हाई घेतलं तर?" दादांनी विचारलं.

"तर गप बसतो. मरेपर्यंत."

आज हे वेडेपणाचं वाटेल. पुण्यातला कुणी माणूस कागदावर काय खरडेल त्यावर आमच्या विहिरीचा निकाल! पण दुसरा पंच कोण होता? गावातले पंच तर त्या दिवशी दगड टाकणाऱ्यांतच होते. तेव्हा सगळ्यांनी ते मानलं.

तो महिना वाईट गेला. मामूच्या दारावर कुणीतरी कुऱ्हाडीचे घाव घातले. विहिरीकडं गेलेल्या एका गुराख्याला, काही कारण नसताना, बांधावर आडवं पाडून तुडवलं. अण्णा दंडाला फडकं बांधून घाण्यावर यायचा आणि माझ्याशेजारी बसायचा.

"घेतील का रं त्याला आत?"

"मला काय ठावं, अण्णा?"

"शिकलेला हायस की."

"हे कॉलेजात शिकवत न्हाईत."

त्याला काय हवं होतं, घ्यावं की घेऊ नये, ते त्याच्या तोंडावरून मला कळलं नाही. त्यालाही कळत नसावं.

अंक आला. मी आधी उघडला नाही, मोटारीवरून थेट दुकानात नेला. बाहेर रस्त्यापर्यंत माणसं. मामूची भुवई वेडीवाकडी सांधली होती. मी वाचायला लागलो. गलबत तांबड्या ग्रहावर उतरलं होतं. हिरव्या पाण्याचं तळं होतं, तळ्यात डोळे नसलेले प्राणी होते. लोखंडी माणूस चिखलात रुतला, निघाला. डॉक्टरच आता हुकूम सोडत होता. मी शेवटची ओळ वाचली आणि थांबलो.

"कप्तान?" दादांनी विचारलं.

"न्हाई."

"न्हाई म्हणजे? आत घेतलं न्हाई का?"

"त्याचं कायच न्हाई. लेखक इसरलाय."

"पान उलट."

"उलटलं, दादा. फुडं केसाच्या तेलाची जाहिरात हाय."

मामूनं मान हलवली. दोरा दातानं तोडला, सुईत ओवला आणि मशीन चालू केलं. शब्दाचा पक्का माणूस. तो खडखडाट त्या गर्दीत एवढा मोठा वाटला की मला अंक मिटता येईना.

अण्णानं माझ्या हातातून अंक हिसकला. एकेक पान बोटानं चाचपत गेला, काही पानं उलटी धरून. "असं कसं?" तो पुटपुटला. मग आवाज चढला. "एवढी माणसं गलबतात, एकानंबी मागं वळून बघितलं न्हाई? सोडून गेले तसंच?" त्यानं अंकाच्या चिंध्या केल्या. माझ्या कानशिलात अशी ठेवून दिली की मी कापडाच्या गठ्ठ्यावर कोसळलो. "शिकून काय केलास रं?" आणि समोरच्या शेटजींच्या बैलगाडीचा जाड, लांब नाडा सोडून तो चिंचेकडं चालू लागला.

भर दुपार. आम्ही सगळे मागं. विहिरीपाशी त्याचेच दोन साथीदार आडवे आले, त्या दिवशी त्याच्याबरोबर होते तेच. "गावाला फासावर चढवतोस?" म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर काठ्या ओढल्या. अण्णानं हात उचलला नाही. मार खात खात त्यानं बाभळीच्या फांद्या ओढून काढल्या, काट्यांनी हात फाटले. तेव्हा दादांनी, त्या म्हाताऱ्यानं, मध्ये पडून एकाच्या नडगीवर काठी घातली आणि म्हणाले, "उतरू द्या त्याला खाली."

नाडा चिंचेला बांधला. अण्णा उतरला, मागोमाग आम्ही दोराला बांधून एक टोपली सोडली. उन्हाळ्यामुळं पाणी गुडघाभर. खालून दगड बाजूला सारल्याचा आवाज येत राहिला, मग बराच वेळ काही नाही, मग टोपली हलली. आम्ही ओढली. मामूनं काठावर कोरी चादर अंथरली होती. ती त्यानं कधीपासून ठेवली होती कोण जाणे. टोपली चारदा वर आली. चादरीत काय होतं ते मी सांगणार नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. चिखल होता आणि एवढा मोठा पोरगा एवढासा झाला होता.

शेवटी अण्णा वर आला. चिखलानं काळा, पाठ रक्तानं भरलेली. मामूच्या हातात लोखंडी गज होता, कापड मोजायचा. त्यानं तो अण्णाच्या तोंडावर मारला. दात तुटल्याचा आवाज आम्ही ऐकला. मग पुन्हा मारला. अण्णा गुडघ्यावर आला, पुन्हा उभा राहिला, तसाच तोंड पुढं करून. कुणी सोडवायला गेलं नाही. तिसऱ्यांदा गज वर गेला आणि मामूच्या हातून सुटून पडला.

"धर," मामू म्हणाला, चादरीच्या दुसऱ्या टोकाकडं बोट करून.

अण्णानं धरलं. कबरस्तानापर्यंत दोघांनी मिळून नेलं. शेजारच्या गावचा मुल्ला येईपर्यंत आम्ही खड्डा खणला. शेटजींनी पाणी पाजलं. मीही भाजलेल्या हातानं मूठभर माती टाकली. पोलीस पाटील त्या दिवशी मुद्दाम परगावी गेला होता, आणि पुढंही त्यानं काही विचारलं नाही.

वाचन थांबलं नाही. मित्र अंक धाडत राहिला. पावसाळा सरता सरता एका अंकात कप्तान जिवंत परत आला. लोखंडी माणसानं त्याला गुपचूप आत ओढून घेतलं होतं, औषधात ठेवलं होतं, वगैरे. मी आवाज चढवून वाचलं, कारण वाटलं, आता दुकान डोक्यावर घेतील. दादा तर म्हणतच होते ना, ऊब दिली की उठेल म्हणून?

दादा जमिनीकडं बघत होते. शेटजींनी नाक खाजवलं.

"खोटं हाय," अण्णा म्हणाला. पुढचे दात नसल्यामुळं त्याचे शब्द फुसकत. "माती दिलीया त्याला."

"लिहू दे की," मामू म्हणाला. तो अण्णाच्याच सदऱ्याची बाही जोडत होता. "पुण्यात राहतोय तो. त्याला काय माहीत? तू फुडं वाच, बाबू."

मी पुढं वाचलं. पण तेव्हापासून कप्तान बोलायला लागला की दुकानात लोक पेंढीच्या भावाचं, पावसाचं बोलायला लागायचे. आणि डॉक्टर आला की सगळे गप्प व्हायचे. अण्णा पुढं सरकून, हनुवटी गुडघ्यावर टेकून ऐकायचा, आणि मामू मशीन थांबवायचा.