मोटारीवरचं माळवद

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा हापिसं आधी आली आणि भाड्याची घरं संपली. मी गावोगाव शेतीचे सिनेमे दाखवणाऱ्या सरकारी मोटारीचा ड्रायव्हर. खोली काही मिळंना, म्हणून साहेबांनी मोटारीतच राहायची मुभा दिली. मी लगेच धर्माबादला जाऊन नव्या नवरीला घेऊन आलो. अक्कल बघा माझी!

चैत्रात पत्रा असा तापला की आत बसवत नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, हा डबा गार करा, न्हाईतर मला माहेरी सोडा. पाऊस पडला की या न्यायला." आता पाऊस गेल्या सालीही पडला नव्हता.

आधी टपावर ओली पोती टाकली. टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया तुटून पडल्या, "माणसाला प्यायला न्हाई अन् हे मोटारीला न्हाऊ घालायलेत!" बायकोनं शरमेनं पोती खाली ओढली.

मग मला सुचलं. आमच्या गावात घरावर पांढरी माती जाड चोपून माळवद घालतात, खाली कसं गारेगार राहतं. मोटारीनं काय पाप केलंय? टपावर तुराट्या अंथरल्या, गावाकडनं पोत्यांनी माती आणली, मन लावून चोपली. आणि खरंच सांगतो, भर दुपारी आत गार! बायकोनं इतके दिवस बांधून ठेवलेली पेटी सोडली, लुगडी खुंटीला लावली. चहा देताना म्हणाली, "डोकं हाय म्हणायचं तुम्हाला." मी दोन दिवस हवेतच.

तेवढ्यात हुकूम आला, मोटार चाकूरला न्या. हापिसातले सगळे म्हणाले, आधी माती उतरव. पण बायकोनं केलेली एकुलती एक तारीफ घमेल्यानं खाली टाकू का? "हळू चालवतो की," म्हणालो. लुगडी पेटीत भरली, बायकोला शेजारी बसवलं आणि निघालो.

चाकूरच्या अलीकडं खड्डा लागला. हळूच घातली हो, आईशप्पथ! मागं पत्रा कण्हला आणि अख्खं माळवद आत आलं. भांडी गडप, अंथरूण गडप. आम्ही दोघं अंगभर भस्म फासल्यासारखे खाली उतरलो.

तर मागून नांदेडला जाणारी एसटी येऊन थांबली. खिडक्या खिदळायला लागल्या. कंडक्टरनं बायकोला विचारलं, "ताई, यायचंय का?" नांदेडातनं तिचं माहेर धर्माबाद असं कितीसं लांब! "थांब" म्हणायचं होतं मला, पण कुठल्या तोंडानं म्हणू? लई भ्यालो होतो.

ती मोटारीत चढली, मातीतनं पेटी ओढून काढली आणि रस्त्यावर आणली. झालं, संपलं, म्हणून मी मान खाली घातली.

"जा तुम्ही, दादा," ती कंडक्टरला म्हणाली. मग पेटी उघडून सगळी लुगडी सीटवर टाकली आणि रिकामी पेटी माझ्यापुढं ठेवली.

"भरा माती हिच्यात. चाकूरला पुन्हा घालायचंय. अन् ह्या खेपेला खाली लाकडाचा टेकू द्या."