मधुभैयांच्या खिडकीतल्या बाटल्या

श्री. मधुकरराव ढेंगे, म्हणजे सगळ्यांचे मधुभैया, यांची आणि माझी ओळख एका बंद पडणाऱ्या गाडीमुळे झाली. उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने गाडी दारात उभी होती. मी शिकवते ते कॉलेज सुरू झाले तशी ती प्रत्येक सिग्नलला बंद पडू लागली. मी ती कशीबशी शहराच्या टोकाला भनपुरीला त्यांच्या गॅरेजात नेली. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढले, बाटलीवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि ती खिडकीत ठेवली. तिथे अशा बऱ्याच बाटल्या होत्या.

"आज सांगितलं तं तो अंदाज होईल, मॅडम. उद्या दिसन ते सांगतो."

दुसऱ्या दिवशी बाटलीत दोन थर दिसत होते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेते. गाडी फार दिवस उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल तळाशी बसते, हे त्यांनी मला त्या बाटलीवरून समजावले. मग इंजेक्टरवरचा पिवळा चिकटा त्यांनी पांढऱ्या कापडावर घेऊन दाखवला. मळ मालकाला दाखवल्याशिवाय साफ करायचा नाही, ही त्यांची रीत आहे.

"मी पुसून टाकल्यावर तुम्ही काहून विश्वास ठेवाल?"

टाकी आणि इंजेक्टर साफ झाले. पेट्रोलचा जुना पाइप तडकला होता; तोही त्यांनी बदलला. "आठवड्यातून एकदा तरी चालवत जा," एवढे सांगून त्यांनी किल्ली दिली.

त्या दिवसांत इंजिनाच्या प्रत्येक दुखण्याचे खापर पेट्रोलवर फुटत असे. त्यातले खरे काय हे पाहून सांगणारा माणूस म्हणून आमच्या या राजधानीच्या शहरातल्या सरकारी कार्यालयांतले लोक मधुभैयांचे नाव विचारत भनपुरीला येत. गॅरेज त्या नावावर चालत होते.

चार महिन्यांनी माझी गाडी पुन्हा अडली. या वेळी ती रोज चालत होती. बाटलीतले पेट्रोल स्वच्छ होते, फिल्टर मात्र काळा. त्यांच्या कन्या शुभदा गॅरेजचे काम बघतात. त्या म्हणाल्या, "बाबा, सब पेट्रोल को ही बोल रहे हैं। आप भी बोल दो।"

"सारे बोलून राहिले म्हणूनच मले पाहा लागते."

तीन दिवस त्यांनी गाडी सोडली नाही. फिल्टरमधले काळे कण कापडावर घासले, तर काजळासारखे पसरले. ते रबर होते. त्यांनीच बसवलेला नवा पाइप इथेनॉल सोसणारा नव्हता; या पेट्रोलने तो आतून मऊ पडून झडत होता. त्यांनी तो वाकवला, तेव्हा बाहेरूनही भेग दिसली. गरम इंजिनावर तिथून पेट्रोल गळले असते तर काय झाले असते, हे त्यांना सांगावे लागले नाही. त्याच गुंडाळीतला पाइप आणखी अकरा गाड्यांत होता.

शुभदाताईंनी सुचवले की गाड्या सर्व्हिसिंगला येतील तेव्हा गुपचूप बदलून टाकू. "नाम खराब होगा, बाबा।"

"नाव माझंच आहे ना? मंग मीच सांगतो."

माझ्यासमोर त्यांनी एकेकाला फोन केला. प्रत्येकाला तेच वाक्य: गाडी चालवू नका, पाइप मी चुकीचा लावला. दोघांनी त्यांना बरेच सुनावले. त्यांनी ऐकून घेतले आणि येण्याची वेळ विचारली. पुरानी बस्तीतले एक निवृत्त शिक्षक मात्र मानायलाच तयार नव्हते. "अरे भैया, पेट्रोल ही खराब है," असे त्यांनीच मधुभैयांना ऐकवले आणि फोन ठेवला. मधुभैया नवा पाइप घेऊन स्कूटरवरून त्यांच्या दारात गेले. आधी कापडावर काळे दाखवले, मग पाइप बदलला. गुरुजींनी चहा पाजला आणि पेट्रोलविषयीचे आपले मत कायम ठेवले.

बाराही गाड्या आज चालत आहेत. सुनावणाऱ्या दोघांपैकी एक आजही तिथेच येतात. दुसरे आले नाहीत. मधुभैया दोघांचीही नावे सारख्याच आदराने घेतात.

आता ते साठ वर्षांचे झाले आहेत. त्यांचे डोळे असेच बारीक पाहत राहोत, गुडघे त्यांना गाडीखाली जाऊ देवोत आणि शुभदाताईंचे त्यांच्याशी भांडण उदंड चालो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. त्यांच्या खिडकीत आता बाटल्यांच्या रांगेत रबराचा एक काळा तुकडा आहे. त्यालाही चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर त्यांच्या अक्षरात नाव आहे: मधुकर ढेंगे.