आबांनी बहिणीला वसीयतीत लिहिलं

आमचे आबा चाळीस वर्षं कापडाच्या लूमवर उभे राहिले. त्या खडखडाटात कान गेले आणि आवाज वाढला. इतका, की ते आमच्या कोसाडच्या खोलीत खोकले तर लांब हजीरा बंदरात खलाशी भोंगा झाला म्हणून जहाजाकडे धावतात. पटत नसेल तर खलाशांना विचारा.

अशा माणसाला गुपचूप वसीयत करायची होती. मी आणि थोरला भाऊ त्यांना कोर्टाबाहेरच्या म्हाताऱ्या टायपिस्ट चाचांकडे घेऊन गेलो. आबा चाचांच्या कानाशी लागून कुजबुजले, आणि समोरच्या चहावाल्याचं दूध उतू गेलं. मिनिटभरात वीस माणसं जमली. पुढच्या मिनिटाला, शपथेवर सांगतो, दोनशे.

"खोली दोन्ही पोरेसले सारखी! आन् मनी बहीन... तिले कोन संभाळी, ते लिखा!"

बहीण म्हणजे आमची आत्या, इथल्या बोलीत फुई. विशीच्या आत विधवा होऊन आली ती इथलीच झाली. आम्हा दोघांना वाढवलं तिनेच.

भाऊ ओशाळून म्हणाला, "आबा, वसीयतीत माणूस कुठं लिहितात? घरदार लिहितात."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "बेटा, अरबीत वसीयत म्हणजे ताकीद. जाणाऱ्याने मागच्यांवर सोपवलेलं काम. घरदार त्या शब्दाला नंतर चिकटलं."

सगळी गर्दी आमच्याकडे बघू लागली. भाऊ बुटांकडे बघत होता. त्याच्याकडे एका खोलीत सहा माणसं, त्याला तरी काय बोलणार? माझं मात्र गर्दी दिसली की छाती आपोआप फुगते.

"माझ्याकडे!" मी गरजलो.

टाळ्या पडल्या. साक्षीदार दोन हवे होते, अकरा पुढे आले.

घरी फुईला कागद वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "मले इचारं का कोनी?"

आबा छताकडे बघू लागले, भाऊ पायांकडे, मी कागदाकडे. वीर पुरुष सगळे.

मग तिनेच आम्हाला ताकीद दिली. खाट खिडकीपाशी हवी. सकाळचा पहिला चहा तिचा. आणि तिच्या भाकरीला सुनेने, म्हणजे माझ्या बायकोने, नावं ठेवायची नाहीत. एवढं सांगून तिने ट्रंक ओढली आणि वेळ येईल तेव्हासाठी आतापासूनच लुगडी भरायला घेतली.

आबांना यातलं अक्षर ऐकू आलं नसणार. पण लूमवरची माणसं ओठ वाचतात. ते ट्रंकेकडे बघत राहिले, आणि जन्मात पहिल्यांदा इतकं हळू बोलले की शेजारी बसून मलाच जेमतेम ऐकू आलं.

"आते बरं शे."